स्वयंपाकघरातील हवेचा जमाखर्च

चातुर्मासातील सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सूर्यास्तापूर्वी घरातील सर्वांचे चौविहार व्हावयाचे असते. दुकानातून पुरुषमंडळी सहाच्या सुमारास येणार, मुले शिकवणीहून परतणार, घरात एखाद्याचे एकासणे किंवा आयंबिल चालू असते. ओट्यावर तिन्ही शेगड्या एकदम पेटलेल्या असतात. एकीवर कुकर, दुसरीवर तवा, तिसरीवर पाण्याचे मोठे पातेले. बाहेर पावसाची भुरभुर असते. सासूबाई दारातून सांगतात, “अगं, खिडकी लावून घे, जीवजंतू येतील शेगडीवर.” “हो मम्मी,” म्हणून सून खिडकी ओढून घेते. ज्योत फडफडू नये म्हणून पंखा आधीच बंद असतो. पुढचा तासभर ती त्या बंद खोलीत उभी राहते.

हे दृश्य पुण्या-मुंबईतील, सोलापूर-सांगलीतील असंख्य जैन घरांत रोज दिसते. खिडकी लावण्यामागील भावना निर्मळ आहे, ती जीवदयेची आहे. परंतु त्या बंद खोलीत उभी असलेली सूनही जीवच आहे. तिच्या श्वासाचा विचार त्या दयेत कोठे बसतो, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही. धुराच्या चुली होत्या तेव्हा तो विचारावा लागत नसे, कारण धूर डोळ्यांना झोंबत असे. म्हणूनच जुन्या वाड्यांतील स्वयंपाकघरांना धुराडे असे, छपरात सवणे असे, भिंतीत उंचावर झरोका असे. गॅस आला, धूर दिसेनासा झाला आणि आपण ती सर्व दारे एकेक करून बुजवली. न दिसणारी वस्तू अस्तित्वातच नाही असे मानण्याची ही चूक आहे. व्यापारात अशी चूक कोणी करीत नाही. रोकड डोळ्यांपुढे नसली तरी तिचा हिशेब वहीत असतोच.

एका तासाचा हिशेब

तो हिशेब येथेही मांडता येतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे 12 घनमीटर हवा लागते. घरगुती शेगडीचा एक बर्नर त्याच्या आकारानुसार ताशी सुमारे 120 ते 200 ग्रॅम गॅस जाळतो. तीन बर्नर तासभर पेटले तर साधारण 450 ग्रॅम गॅस खर्ची पडतो आणि त्याला साडेपाच घनमीटरच्या आसपास हवा लागते. आठ फूट रुंद, दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघरात एकूण हवाच सुमारे 20 घनमीटर असते. म्हणजे दारे-खिडक्या खरोखर घट्ट बंद असतील, तर एका तासात खोलीच्या भांडवलापैकी चतुर्थांशाहून अधिक भाग शेगडीनेच वापरला.

आता दुसरी बाजू. त्याच 450 ग्रॅम गॅसमधून सव्वा किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड आणि पाऊण लिटरच्या आसपास पाण्याची वाफ खोलीत येते. भांड्यांतून निघणारी वाफ वेगळीच. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, याचे एक कारण हे आहे. उष्णतेचे म्हणाल, तर एवढ्या गॅसमधून विजेच्या पावणेसहा युनिटइतकी उष्णता निघते. त्यातील काही भाग अन्नात जातो. परंतु ज्वाळेच्या कडेने निसटणारी, भांड्यांच्या अंगातून पसरणारी आणि वाफेबरोबर येणारी उष्णता शेवटी खोलीतच राहते. एवढी सगळी उष्णता तासाभरात बाहेर काढावयाची तर दीड टनाहून अधिक क्षमतेचा एसी पूर्ण वेळ चालवावा लागेल. शिवाय घरातील नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवून थंड करतो. म्हणजे खोली गार होईल, पण हवा जुनीच राहील. स्वयंपाकघर गार ठेवण्याचा खरा मार्ग, उष्णता जेथे निर्माण होते तेथूनच तिला बाहेर काढणे, हा आहे.

उकळलेल्या पाण्याचा अध्याय

जैन स्वयंपाकघराच्या या हिशेबात एक नोंद अशी आहे जी इतर घरांत आढळत नाही. ती म्हणजे पक्के पाणी. तीन उकाळे आलेले पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि चातुर्मासात केवळ तीन प्रहर अचित्त मानले जाते. तीन प्रहर म्हणजे साधारण नऊ तास. पहाटे सहाला उकळलेले पाणी दुपारी तीनपर्यंतच चालते. म्हणून ज्या महिन्यांत पाऊस व किडे यांच्यामुळे खिडक्या बंद असतात, नेमक्या त्याच महिन्यांत पाणी अधिक वेळा उकळावे लागते. घरात अठाई किंवा मासक्षमण चालू असेल, पाहुणे सुखसाता विचारावयास येत असतील, तर पातेले आणखी मोठे होते.

वीस लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास साधारण 200 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे अडीच युनिट विजेइतकी उष्णता. पुढे ते पाणी परातींत ओतून गार केले जाते. परात स्वयंपाकघरातच ठेवली, तर पाण्यात साठलेली सारी उष्णता आणि वाफ त्याच खोलीत परत येते. ज्या उष्णतेसाठी गॅस जाळला ती पुन्हा सुनेच्याच अंगावर. यावर उपाय विनाखर्चाचा आहे. पाणी गार करण्याची जागा स्वयंपाकघराबाहेर, हवेशीर गॅलरीत किंवा मागील पडवीत ठेवावी. परातींवर बारीक जाळीचे झाकण असावे, म्हणजे जीवही पडत नाहीत. उकळताना पातेल्यावर झाकण ठेवले तर गॅस कमी लागतो, वाफ कमी निघते. कमी अग्नी म्हणजे अग्निकायाची विराधनाही कमी. या ठिकाणी आरोग्य, काटकसर आणि धर्म तिघांचे मत एकच पडते.

उपवासाची भोवळ की हवेची?

गॅस पूर्ण जळाला तर ज्योत निळी व स्थिर असते. बर्नरची छिद्रे बुजली, भांडे फार मोठे असून बर्नरभोवतीची हवा अडली, किंवा खोलीतील हवाच अपुरी पडली, तर ज्योत पिवळी होते, भांड्यांच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेले उग्र वासाचे द्रव्य ज्वाळेत जळून जाते. त्यामुळे हा वायू नाकाला कधीच सापडत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, भोवळ येणे, मळमळणे, ग्लानी येणे ही त्याची पहिली लक्षणे.

पर्युषणात हीच लक्षणे कोणाला जाणवली, तर घरातले काय म्हणतील? “उपवास आहे, थोडे होणारच.” तपश्चर्येतील अशक्तपणा, उन्हाळ्यातील उकाडा आणि दूषित हवा या तिन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात. त्यांतील फरक ओळखण्याची एक खूण आहे. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात असताना त्रास वाढतो व मोकळ्या हवेत आल्यावर कमी होतो, किंवा एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना तोच त्रास होतो, तर संशय हवेवर घ्यावा. अशा वेळी शेगडी बंद करावी, सर्वांनी बाहेर यावे आणि डॉक्टरांना गॅसचा उल्लेख करून सांगावे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड थोडा निघतोच. दम्याच्या मुलांना तो बाधतो. म्हणून ज्योत निळी आहे, आता खिडकीची गरज नाही, असे समजू नये.

याच ओघात गॅस गिझरचा उल्लेख अपरिहार्य आहे. स्वयंपाकघर निदान मोठे असते. न्हाणीघर लहान, दार आतून बंद आणि गिझरची ज्योत शेगडीपेक्षा कितीतरी मोठी. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने अनेक जीव घेतले आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. केवळ गरम पाण्याचा नळ आत यावा. यात तडजोड नसावी.

येणे आणि जाणे

हवेचा व्यवहार एका नियमावर चालतो: जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत आली पाहिजे. अनेक घरांत भारी किमतीची चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा बसवलेला असतो, तो आवाजही करतो, पण खोलीतील उकाडा हटत नाही. कारण दार बंद, खिडकी बंद. पंख्याला बाहेर टाकण्यासाठी हवाच मिळत नाही. हवा आत येण्याची वाट शेगडीच्या पातळीखाली, आणि बाहेर जाण्याची वाट छताजवळ, समोरच्या बाजूस असावी. गरम हवा वर चढते, तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते. विजेच्या पंख्याचा वापर वायुकायाच्या विचाराने कमीत कमी करणाऱ्या कुटुंबांना हा नैसर्गिक मार्ग विशेष उपयोगी आहे. जुने धुराडे व सवणे याच तत्त्वावर चालत असत.

पंखा लावावयाचा असेल तर तो खिडकीला लागून बसवू नये. तसे केल्यास खिडकीतून आलेली हवा खोलीत न फिरता शेजारच्या पंख्यातून तशीच परत जाते. पंख्याची क्षमता डब्यावर ताशी घनमीटरमध्ये लिहिलेली असते. वर सांगितलेल्या 20 घनमीटरच्या खोलीतील हवा ताशी किमान 15 वेळा बदलावी असे धरले, तर 300 घनमीटर क्षमता लागते. तिन्ही शेगड्या एकदम पेटणाऱ्या घरात दुप्पट क्षमता धरणे बरे. पंखा पहिली शेगडी पेटवण्यापूर्वी सुरू करावा आणि शेवटची विझल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बंद करावा. व्यवस्था नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी पंखा चालू असताना पातळ कागदाची पट्टी दाराच्या फटीशी धरावी. ती स्वयंपाकघराच्या दिशेने आत झुकली तर हवा येत आहे. लोंबतच राहिली तर पंख्याचे पाते फक्त फिरत आहे.

चिमणीच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवावा. बाहेर नळ काढलेली चिमणी उष्णता, वाफ आणि जळालेला वायू घराबाहेर टाकते. नळ नसलेली, कोळशाच्या गाळणीची चिमणी तेलकटपणा व वास कमी करते, परंतु उष्णता आणि वायू खोलीतच परत सोडते. ती विकत घेऊन खिडकी बंद करणे म्हणजे पावती घेऊन पैसे न भरण्यासारखे आहे. चिमणी शेगडीपासून उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर, बहुधा 65 ते 75 सेंटिमीटरवर असावी. नळाला वळणे कमीत कमी असावीत आणि गाळणी वेळच्या वेळी धुतली जावी.

नव्या सदनिकांत आणखी एक अडचण दिसते. स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी अनेकजण काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून घेतात. पंखा मात्र जुन्या जागीच, त्या बाल्कनीत हवा सोडणारा राहतो. म्हणजे घरची हवा घरातच फिरते. गिझरही त्याच बाल्कनीत असेल तर त्याचा धूर पंखा बंद होताच स्वयंपाकघरात येतो. आणि घरातील दुसरा जोरकस पंखा किंवा चिमणी चालू असेल तर तो ओढूनही आत आणला जातो. बाल्कनी बंद करावयाचीच असेल तर पंख्याचा आणि गिझरचा नळ तेथून पुढे थेट मोकळ्या आकाशाखाली न्यावा.

जीवदया आणि उघडी खिडकी

आता मूळ शंकेकडे यावे. खिडकी उघडी ठेवली तर किडे येतील, ज्योतीत पडतील. याचे उत्तर खिडकी बंद करणे हे नसून खिडकीला जाळी लावणे हे आहे. बारीक जाळी हवेची वाट बरीच अडवते, म्हणून जाळीची खिडकी साध्या खिडकीपेक्षा मोठी ठेवावी आणि जाळी दर आठवड्यास धुवावी. तेल व धूळ बसलेली जाळी ही बंद खिडकीच समजावी. एक्झॉस्ट पंख्याला आतून जाळी आणि बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचे झाकण असावे, म्हणजे पंखा थांबला की वाट मिटते आणि पात्यांत जीव सापडत नाही.

शिवाय एक गोष्ट सहज विसरली जाते. किड्यांना आकर्षित करतो तो दिवा. अंधार पडल्यावर दिव्याभोवती जीव जमतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरात स्वयंपाक उजेडातच होतो. म्हणजे खिडकी उघडी ठेवण्यास सर्वांत योग्य वेळ याच घरांना लाभलेली आहे. दुपारी चार ते सहा या वेळेत जाळीची खिडकी उघडी, दिवा बंद. आणि सूर्यास्तानंतर शेगडीही बंद, खिडकीही बंद. रात्रिभोजनत्यागाच्या व्रतातून मिळालेली ही सोय वापरली मात्र जात नाही.

गळती झाली तर

हवेच्या वाटांचा विचार करताना गॅसचा प्रकार पाहणे आवश्यक आहे. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाल्यास तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. नळाने येणारा पीएनजी हवेपेक्षा हलका असतो. तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरात जमिनीलगत जाळी किंवा दाराखाली फट हवी, आणि पीएनजीच्या घरात छताजवळ झरोका हवा. छताजवळचा पंखा खाली साचलेला एलपीजी काढू शकत नाही. दुकानावर राहणाऱ्या कुटुंबांनी सिलिंडर तळघरात किंवा जमिनीखालच्या गोदामात कदापि ठेवू नये. तेथे उतरलेल्या गॅसला बाहेर पडण्यास वाट नसते.

मॉड्युलर ओट्याखालील कपाटात सिलिंडर ठेवला असेल तर त्या कपाटाच्या दाराला तळाशी व वरच्या बाजूला मोठी छिद्रे असावीत. ओट्यात बसवलेल्या काचेच्या हॉबलाही खालून हवा लागते. त्याखालचा कप्पा घट्ट बंद केल्यास ज्योत बिघडते आणि भाग अकारण तापतात. सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्या पातळीहून उंच, नळी अधिकृत सुरक्षा नळीच आणि तीही 5 वर्षांनी बदललेली असावी. रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची सवय दुकानाला कुलूप लावण्याइतकी पक्की असावी.

गॅसचा वास आल्यास क्रम लक्षात ठेवावा. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद, देवघरातील दीपक व प्रत्येक ज्योत शांत, दारे-खिडक्या उघड्या. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, एक्झॉस्टचे तर मुळीच नाही, कारण एक ठिणगी पुरते. सर्वांना घेऊन घराबाहेर पडावे आणि बाहेरून 1906 या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. पीएनजीच्या ग्राहकांनी मुख्य झडप बंद करून वितरण कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक आधीच दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला असावा. घरातील कामास येणाऱ्या बाईंनाही हा क्रम समजावून सांगावा. बऱ्याच घरांत शेगडीपाशी सर्वांत जास्त वेळ त्याच असतात.

चौमासी चौदशीपूर्वी

आषाढ चौमासी चौदशीपूर्वी घरोघर धान्य निवडले जाते, डबे तपासले जातात, भाजीचे नियम घेतले जातात. त्याच आठवड्यात एक दुपार स्वयंपाकघराच्या हवेसाठी द्यावी. बर्नर साफ करून ज्योत निळी झाली का पाहावे. जाळ्या व गाळण्या धुवाव्यात. कागदाच्या पट्टीची परीक्षा घ्यावी. नळीवरील तारीख वाचावी. पाणी गार करण्याच्या पराती बाहेर हलवाव्यात. यात बहुतेक कामांना पैसा लागत नाही. पंखा किंवा जाळी नवी लागली तरी तो खर्च ओट्याच्या ग्रॅनाइटच्या मानाने किरकोळ असतो. घर बांधताना ग्रॅनाइटचा रंग निवडण्यास सारे कुटुंब जाते. झरोक्याची जागा मात्र गवंड्यावर सोडली जाते, आणि तेथे उभी राहणारी व्यक्ती कोठे उभी राहील, तिला वारा कोठून लागेल, हे तिला विचारलेही जात नाही.

जैन आचारात जयणेला फार मोठे स्थान आहे. चालणे, बसणे, बोलणे, रांधणे, प्रत्येक क्रिया सावधपणे करावी, म्हणजे कोणत्याही जीवाला आपल्यामुळे पीडा होऊ नये, हा त्या शब्दाचा आशय. पाणी गाळून घेणारे, धान्य निवडून घेणारे, पातेल्याखाली जीव नाही ना हे वाकून पाहणारे घर जयणेत कोठे कमी पडत नाही. तीच नजर एकदा वर करून छताजवळच्या झरोक्याकडे आणि शेगडीसमोर घामाघूम उभ्या असलेल्या माणसाकडे वळवावी. पुढच्या खेपेस सासूबाई दारात येऊन “अगं, जाळीची खिडकी उघडी आहे ना?” असे विचारतील, तर त्या घरातील जीवदया पूर्ण झाली असे म्हणता येईल.